धानाचे टिचकीचे चित्र : सर्वांना वापरता येईल असे कसे तयार करावे?

(कृषी शिक्षक, विषयतज्ज्ञ आणि शेतकरी यांच्या एकत्रित प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकायला संगणकाचा वाटतो, परंतु तो आपल्या बांधीतलाच आहे. मोबाइलवरील एखाद्या धड्यात धानाच्या एका चुडाचे छायाचित्र असते. त्यावर ठिकठिकाणी लहान वर्तुळे काढलेली असतात. पोंग्यावरील वर्तुळावर बोट टेकविले की गादमाशीची माहिती उघडते, बुंध्याजवळच्या वर्तुळावर टेकविले की तुडतुड्यांची. अशा चित्राला आपण या व्याख्यानापुरते 'टिचकीचे चित्र' म्हणू. पाठ्यपुस्तकातील आकृतीला बाण काढून नावे देण्याची जी जुनी पद्धत आहे तिचेच हे पुढचे रूप होय. फरक एवढाच की येथे नाव आणि माहिती बोट लावेपर्यंत झाकलेली असते.

झाकलेली माहिती हा या प्रकाराचा गुण आहे आणि दोषही. विद्यार्थी स्वतः शोधतो, त्यामुळे त्याच्या लक्षात राहते, हा गुण. परंतु ज्याला वर्तुळ दिसते, ज्याचे बोट नेमक्या जागी बसते आणि ज्याच्या मोबाइलवर चित्र पूर्ण उतरते, त्याच्यासाठीच ती माहिती उघडते. इतरांसाठी ती झाकलेलीच राहते. आणि आपल्याला काही मिळाले नाही हेदेखील त्यांना कळत नाही.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पातून कृषी पदवीचे ई-अभ्यासक्रम तयार करून घेतले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी शिक्षणक्रम तर दूरशिक्षणानेच चालतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आपणा सर्वांनाच धडे मोबाइलवर न्यावे लागले. त्या घाईत तयार झालेली अनेक चित्रे आजही तशीच वापरात आहेत. त्यांना दोष देण्यासाठी हे व्याख्यान नाही. परंतु आता घाई संपली आहे, तेव्हा त्यांच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहावयास हवे.

पिवळे पान आणि युरियाची गोणी

एक उदाहरण घेऊ. धानाची पाने पिवळी दिसू लागली की आपल्याकडे पहिला हात युरियाकडे जातो. नत्राची कमतरता असेल तर तो योग्यच आहे. परंतु पान पिवळे होण्याची कारणे अनेक आहेत. नत्र कमी पडल्यास खालची, म्हणजे जुनी पाने आधी पिवळी पडतात आणि पिवळेपणा पानभर सारखा असतो. लोहाच्या कमतरतेत नवीन पाने आधी फिकी पडतात. जस्ताची कमतरता असल्यास रोवणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके दिसतात. कडा करपा हा जिवाणूजन्य रोग असेल तर पानाच्या शेंड्याकडून कडांनी खाली येणारे, नागमोडी रेषेचे पिवळे पट्टे दिसतात व पुढे ते वाळून कागदासारखे होतात. या शेवटच्या प्रकारात युरिया दिला तर रोग वाढतो.

आता एखाद्या धड्यातील चित्रावर चार पाने आहेत व सूचना अशी आहे, 'पिवळ्या पानावर टिचकी मारा.' ज्याला रंग नीट ओळखता येत नाही, ज्याचा मोबाइल उन्हात धरलेला आहे, ज्याला दिसतच नाही, त्याने काय करावे? आणि ज्याला स्वच्छ दिसते तोसुद्धा या धड्यातून फक्त 'पिवळे' एवढाच शब्द घेऊन शेतात जातो. त्याला 'कोणते पान, कोणत्या टोकाकडून, कडेने की पानभर' हे प्रश्न कोणी शिकविलेच नाहीत. न दिसणाऱ्यासाठी चित्राचे नीट वर्णन लिहावयास बसले की हे प्रश्न आपोआप लिहिले जातात. म्हणूनच हे काम मी केवळ दिव्यांगांच्या सोयीचे मानीत नाही. ते निदान शिकविण्याचेच काम आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली मंजूर झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावयाच्या आहेत. इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळावा, अशीही तरतूद कलम ४२ मध्ये आहे. जागा राखली आणि धडा मात्र उघडत नाही, असे होऊ नये.

आपल्या भागाला तर हा विषय अधिकच जवळचा आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली उभे केलेले आनंदवन आपणा सर्वांना माहीत आहे. त्याच परिसरात कृषी महाविद्यालय आहे, आणि अंध व मूकबधिर मुलांच्या शाळाही आहेत. शेतीचे शिक्षण आणि न दिसणारे, न ऐकणारे विद्यार्थी इतक्या जवळ नांदतात अशी जागा महाराष्ट्रात मला दुसरी आठवत नाही. शिवाय कुष्ठरोगाने बोटांची संवेदना गेलेली, बोटे आखडलेली माणसे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शेती करीत आहेत. त्यांना उत्तम दिसते, उत्तम समजते. पण मोबाइलवरच्या मोहरीएवढ्या ठिपक्यावर त्यांचे बोट बसत नाही.

आधी शब्द, मग चित्र

चित्र घेऊन त्यावर वर्तुळे काढण्यापासून सुरुवात करू नये. प्रथम कोऱ्या कागदावर, चित्र समोर नाही असे समजून, धडा शब्दांत लिहावा. हे आपल्याला नवीन नाही. आकाशवाणीवरून शेतीचे कार्यक्रम वर्षानुवर्षे चालत आले आहेत, आणि तेथे बोलणाऱ्या तज्ज्ञाजवळ चित्र नसते. खोडकिड्याचा प्रादुर्भाव त्याला शब्दांतच सांगावा लागतो. ऐकणारा धुऱ्यावर बसून ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी बांधीत जाऊन ओळखतोही. तीच हातोटी येथे वापरावयाची आहे. मला तर वाटते की आकाशवाणीवर बोललेला शिक्षक टिचकीचे चित्र इतरांपेक्षा चांगले करील.

असे शब्द लिहिताना एक गोष्ट ध्यानात येते. आपली निरीक्षणे आपण डोळ्यांनीच सांगतो, परंतु धानाच्या पुष्कळ खुणा हाताला कळणाऱ्या आहेत. गादमाशीची अळी वाढीच्या कोंबापाशी शिरते व तेथे पानाऐवजी पोकळ नळी तयार होते. ही नळी, म्हणजेच चंदेरी पोंगा, दोन बोटांत फिरविली की कांद्याच्या पातीसारखी गोल लागते. निरोगी पान चपटे लागते. खोडकिड्याने पोखरलेला फुटवा असेल तर मधला सुकलेला पोंगा ओढला की सहज हातात येतो व त्याचे खालचे टोक कुरतडलेले असते. याला आपण गाभेमर म्हणतो. लोंबी बाहेर पडल्यावर याच किडीने पळिंज होते, तेव्हा लोंबी उभीच राहते आणि चिमटीत धरली तर दाणे पोचट लागतात. लोंबीवरील ढेकण्याची खूण तर नाकालाच कळते, इतका त्याचा वास उग्र असतो.

आमच्या विभागात असे एक चित्र करून पाहताना एका अल्पदृष्टी विद्यार्थ्याला ते दाखविले. त्याने रंगाची वाक्ये बाजूला ठेवली आणि हाताला काय लागेल ते अधिक सांगावे असे सुचविले. गाभेमर व चंदेरी पोंगा यांतील फरक त्याने कुंडीतील चुडावर हात फिरवून वर्गात सर्वांच्या आधी सांगितला. त्यानंतर त्या धड्यात 'हाताला' असा एक स्वतंत्र रकाना आम्ही प्रत्येक जागेला ठेवला. तो रकाना दिसणाऱ्या मुलांनीही सर्वांत जास्त वापरला.

एका चुडाचा धडा

आता प्रत्यक्ष चित्र घेऊ. एक चूड, मागे काळे कापड, छायाचित्र बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पूर्ण. यावर पाचाहून अधिक जागा करू नयेत. आमच्या चित्रावर बुंधा, पोंगा, खालचे पान, वरचे पान आणि लोंबी अशा पाच आहेत.

चित्राला एक पर्यायी मजकूर द्यावा लागतो. जो डोळ्यांनी पाहू शकत नाही त्याच्या मोबाइलमधील किंवा संगणकातील वाचक-कार्यक्रम, म्हणजे स्क्रीन रीडर, हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो. पुष्कळ ठिकाणी तेथे 'चित्र १' किंवा 'धानाचे रोगट रोप' एवढेच लिहिलेले आढळते. त्याऐवजी असे लिहावे : 'धानाच्या एका चुडाचे छायाचित्र. बारा फुटवे आहेत. त्यांपैकी तिघांचा मधला पोंगा गोल नळीसारखा, बाकीच्यांची पाने चपटी. पुढे पाच जागा आहेत, बुंध्यापासून सुरू.' दोन-तीन वाक्ये पुरेत. निबंध लिहू नये, कारण ऐकणाऱ्याला तो पूर्ण ऐकावा लागतो. डोळ्यासारखे त्याला वरवर चाळता येत नाही.

त्यानंतर प्रत्येक जागेला स्वतःचे नाव हवे. 'येथे टिचकी मारा' असे पाचही जागांना लिहिले तर ऐकणाऱ्याला पाच वेळा तेच ऐकू येते. 'बुंधा, पाण्याच्या पातळीजवळ' असे नाव दिले की बोट लावण्याआधीच काय मिळणार ते कळते.

जागांचा क्रम हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. स्क्रीन रीडर वापरणारा किंवा माऊसऐवजी कीबोर्ड वापरणारा माणूस एकापाठोपाठ एक जागा घेत जातो. चित्र करणाऱ्याने ज्या क्रमाने वर्तुळे टाकली असतील त्याच क्रमाने त्या येतात. बहुधा तो क्रम कसाही असतो, आधी लोंबी, मग बुंधा, मग मधलेच पान. आपण बांधीत कसे पाहतो? वाकून चूड दोन्ही हातांनी बाजूला करतो व आधी बुंधा पाहतो, कारण तुडतुडे तेथे असतात व वरून दिसत नाहीत. मग पोंगा, मग पाने, शेवटी लोंबी. चित्रातील जागांचा क्रम हाच ठेवावा. एवढे केले तरी धडा ऐकणारा विद्यार्थी सर्वेक्षणाची योग्य पद्धत न सांगता शिकतो.

प्रत्येक जागेत उघडणाऱ्या मजकुरात मोजता येईल अशी गोष्ट असावी. उदाहरणार्थ, तुडतुड्यांसाठी साधारणपणे प्रति चूड १० तुडतुडे, खोडकिड्यासाठी ५ टक्के कीडग्रस्त फुटवे, गादमाशीसाठी प्रति चौरस मीटर १ चंदेरी पोंगा किंवा ५ टक्के पोंगे, ही आर्थिक नुकसानीची पातळी. 'प्रादुर्भाव जास्त दिसल्यास' असे शब्द न दिसणाऱ्याला निरुपयोगी आहेत, आणि खरे पाहता दिसणाऱ्यालाही.

चित्रावर प्रश्न विचारावयाचा असेल तेव्हा एक पेच पडतो. 'या चुडावर कोणती कीड आहे?' असा प्रश्न असताना पर्यायी मजकुरात 'गादमाशीग्रस्त चूड' असे लिहिले तर उत्तरच फुटते. काहीच लिहिले नाही तर अंध विद्यार्थी प्रश्नच सोडवू शकत नाही. येथे पुरावा लिहावा व निष्कर्ष लिहू नये. दिसणाऱ्याला जेवढे दिसते तेवढेच ऐकणाऱ्याला मिळावे : पोंगा गोल, पोकळ, टोकाला बंद, शेजारचे फुटवे निरोगी. 'चित्रात रोगट जागा शोधून तिच्यावर बोट ठेवा' हा प्रश्नप्रकार मात्र परीक्षेत वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात विद्यार्थ्याच्या ज्ञानाइतकीच त्याच्या नजरेची व बोटाची परीक्षा होते.

याशिवाय चित्राखाली त्याच पाच जागांची साधी यादी, तीच माहिती उघडपणे लिहून, द्यावी. ज्याला चित्र नको त्याने यादी वाचावी. काही सहकाऱ्यांना यामुळे चित्राची मजा जाईल असे वाटते. तसा अनुभव नाही. मुले चित्रही उघडतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी यादीही वाचतात.

बोट, रंग आणि अक्षर

टिचकीची जागा केवढी असावी? वेबवरील मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.२ या आवृत्तीत सर्वसाधारण पातळीसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल व वरच्या पातळीसाठी ४४ बाय ४४ पिक्सेल असे माप दिले आहे. अँड्रॉइड मोबाइलच्या मार्गदर्शिकेतील शिफारस सुमारे ९ मिलिमीटरची आहे. म्हणजे लांबट धानाच्या एका दाण्याएवढी रुंदी. आपल्याकडच्या हातांचा विचार करता मी याहून कमी घेऊ नये असे म्हणेन. चिखल लागलेले, ओले किंवा घट्टे पडलेले बोट स्क्रीनवर नीट चालत नाही हे रोवणीच्या दिवसांत कोणीही सांगेल. दोन जागांमध्ये मोकळी जागाही सोडावी, नाहीतर पोंग्यावर टेकविले आणि पान उघडले असे होते.

माऊसचा बाण वर नेल्यावर आपोआप उघडणारी माहितीही टाळावी. मोबाइलला बाण नसतो.

रंगाविषयी वर सांगितलेच. लाल व हिरवा यांतील भेद न कळणारे पुरुष आपल्यात बरेच असतात आणि त्यांपैकी अनेकांना स्वतःलाही ते ठाऊक नसते. रोगट जागा लाल वर्तुळाने व निरोगी जागा हिरव्या वर्तुळाने दाखविली तर त्यांना दोन्ही सारखीच. वर्तुळात आकडा घालावा, किंवा रोगटासाठी चौकोन व निरोगीसाठी गोल असा आकारच बदलावा. हिरव्या पानावर हिरवे वर्तुळ तर काढूच नये. काळी जाड कड असलेले पांढरे वर्तुळ धानाच्या कोणत्याही छायाचित्रावर उठून दिसते. पानाच्या हिरवेपणावरून नत्राची गरज ठरविण्याचा जो रंगतक्ता आहे, त्याचे चित्र धड्यात देताना प्रत्येक पट्टीचा क्रमांक मजकुरात लिहावा. मोबाइलच्या स्क्रीनवरील रंगावरून मात्र पानाची तुलना करण्यास सांगू नये, कारण प्रत्येक मोबाइलचा रंग वेगळा.

मराठी अक्षरांची एक अडचण इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगते. आपली कित्येक जुनी पुस्तिका, घडीपत्रिका व टिपणे श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. कागदावर ती मराठी दिसतात, परंतु संगणकाच्या आत त्यांची साठवण इंग्रजी अक्षरचिन्हांची असते. असा मजकूर धड्यात चिकटविला की स्क्रीन रीडर अर्थहीन इंग्रजी अक्षरे वाचू लागतो. शोध घेतल्यास 'गादमाशी' हा शब्द सापडतही नाही. त्यामुळे मजकूर युनिकोडमध्ये असणे ही पहिली अट समजावी. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कार्यक्रम उपलब्ध आहेत. मात्र बदलल्यानंतर जोडाक्षरे व रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत. तसेच नावे चित्रातच रंगवून टाकू नयेत. चित्रात रंगविलेले 'खोडकिडा' हे अक्षर नसून रेघोट्या आहेत, ते वाचलेही जात नाही आणि मोठेही नीट करता येत नाही.

आवाज, बोली आणि जोडणी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या एका टोकाला कोरचीकडे छत्तीसगढी बोलतात, दुसऱ्या टोकाला सिरोंच्यात तेलुगू. भामरागड-एटापल्लीत माडिया व गोंडी, मुलचेऱ्याकडे बंगाली. एवढ्या भाषांत लिहिलेला धडा करणे कठीण, परंतु पाच जागांसाठी पाच लहान ध्वनिफिती करणे कठीण नाही. मराठी मजकूर मोबाइलमधील आवाज वाचून दाखवू शकतो. माडिया-गोंडीसाठी मात्र त्या बोलीच्या माणसाचाच आवाज ध्वनिमुद्रित करावा, आणि तोही स्वतः धान लावणाऱ्या बाईचा किंवा माणसाचा. शब्द त्यांचे त्यांनाच निवडू द्यावेत. प्रत्येक ध्वनिफितीतील बोलणे लिहूनही द्यावे, म्हणजे ऐकू न येणाऱ्याची सोय होते. ध्वनिफीत आपोआप सुरू होऊ देऊ नये. ती स्क्रीन रीडरच्या आवाजावर चढते आणि दोन्ही कळत नाहीत.

शिक्षण कमी म्हणजे पिकाची जाण कमी, असे आपल्या भागात तरी कोणी म्हणू नये. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांचे शालेय शिक्षण अगदी थोडे झालेले होते. त्यांनी आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या हेरून निवडीने एचएमटी हे धान उभे केले आणि ते राज्याबाहेरही पोचले. अशा नजरेच्या माणसाला वाचनाची अट घालून धड्याबाहेर ठेवणे आपल्याला परवडणारे नाही.

जोडणीचा प्रश्न तर सर्वांनाच ठाऊक आहे. जंगलातील गावात मोबाइलला रेघ येते आणि जाते. चित्र जड असेल तर ते अर्धेच उतरते. छायाचित्र लहान करून सुमारे १०० ते १५० किलोबाइटच्या आत ठेवावे. मोबाइलच्या स्क्रीनला ते पुरते. आणि येथेच पर्यायी मजकुराचा दुसरा उपयोग दिसतो. वेबपानावरचे चित्र उतरले नाही तर त्याच्या जागी तोच मजकूर दाखविला जातो. म्हणजे अंध विद्यार्थ्यासाठी लिहिलेली तीन वाक्ये धानोऱ्याच्या पलीकडे रेघ नसलेल्या शेतकऱ्यालाही मिळतात, आणि खालची यादी छापून बाजाराच्या दिवशी वाटताही येते. शक्य असेल तेथे संपूर्ण धडा एकदा उतरवून घेऊन जोडणीशिवाय चालेल अशी व्यवस्था ठेवावी.

साधने कोणती वापरावीत?

टिचकीचे चित्र ही कल्पना जुनी आहे. चित्रावर कोणत्या भागाला टिचकी मारली हे वाचकाच्याच संगणकाने ठरवावे, अशी पद्धत मांडणारा दस्तऐवज ऑगस्ट १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पद्धतीत जागेचा पत्ता पिक्सेलच्या मोजमापाने द्यावा लागतो. आज अडचण अशी की मोठ्या स्क्रीनवर आखलेले चित्र मोबाइलवर लहान होते, पण पत्ते मात्र जुनेच राहतात. मग पोंग्यावर बोट ठेवले की लोंबी उघडते. म्हणून ही पद्धत मोबाइलच्या धड्यांसाठी घेऊ नये.

ज्यांना संगणकाची फारशी सवय नाही त्यांनी एचफाइव्हपी हे विनामूल्य साधन वापरावे. ते नॉर्वेमध्ये तयार झाले असून मूडल या अभ्यासक्रम-व्यवस्थेत चालते. त्यात जागांचे पत्ते चित्राच्या प्रमाणात असतात, त्यामुळे चित्र लहान झाले तरी जागा सरकत नाहीत. पर्यायी मजकुराचा रकाना त्यात आहे. तो रिकामा सोडू नये एवढेच. ज्यांना थोडे पुढे जावयाचे आहे त्यांनी रेषाचित्रासाठी एसव्हीजी हा प्रकार शिकावा. त्यात पानाचा आकार हीच टिचकीची जागा करता येते व प्रत्येक आकाराला नाव देता येते. धानाच्या फुलाची आकृती किंवा बांधीचा नकाशा यांसाठी तो उत्तम आहे.

धडा तयार झाल्यावर तपासणी स्वतः करावी. अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक नावाची सोय आधीच असते, ती सुरू करावी. एक बोट उजवीकडे सरकविले की पुढची जागा वाचली जाते, दोनदा टकटक केले की ती उघडते. स्क्रीनवर रुमाल टाकून धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण करून पाहावा. संगणकावर एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर मिळतो. माऊस काढून ठेवून केवळ टॅब व एंटर या कळांनी पाचही जागा उघडतात काय, आणि सध्या कोणत्या जागेवर आहोत हे ठळक दिसते काय, हेही पाहावे. त्यानंतर ज्याचा हा विषय नाही अशा माणसाला फक्त ऐकवून, त्याला बांधीत नेऊन चंदेरी पोंगा काढून आणावयास सांगावे. त्याने गाभेमर आणला तर वर्णन पुन्हा लिहावे.

या खरिपातच काम सुरू करावयाचे असल्यास छायाचित्रांची तयारी आतापासून ठेवावी. सिंदेवाहीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रावर धानाचे काम चालते व दोन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तेथे ओळख पटवून घेता येईल. चूड उपटताना मागे काळे कापड किंवा ओले पोते धरावे, सकाळच्या सौम्य उजेडात फोटो घ्यावा व मापासाठी शेजारी आगपेटी ठेवावी. फोटो काढल्याबरोबर, बांधीतून बाहेर येण्याआधी, हाताला काय लागले, वास कसा होता, किती फुटव्यांपैकी किती कीडग्रस्त होते, वाण कोणता आणि गावात या खुणेला काय म्हणतात ते वहीत टिपून घ्यावे. रोवणीला किती दिवस झाले हेही त्याच ओळीत लिहावे. फोटोवरून ते नंतर कळत नाही.